शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे छोटी ग्रामपंचायत नव्हे

जिल्हा परिषद शाळेच्या समितीची मुदत संपत आली, की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: "शाळा समितीची निवडणूक लागली. गावातला कोणीही मतदार अध्यक्षपदाला उभा राहू शकतो. अध्यक्षाच्या सहीशिवाय शाळेचा रुपया हलत नाही, तो शिक्षक बदलून आणू शकतो आणि पाच वर्षं त्याला कोणी हात लावू शकत नाही. आपल्याच माणसाला निवडून द्या." यातलं सहीचं वाक्य तेवढं अर्धं खरं आहे. बाकी सगळं चुकीचं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून ज्या शाळांत निवडणुकीसाठी पॅनल उभी केली जातात, तिथे पालकांच्या हक्काची जागा भलत्याच्याच हाती जाते.

पहिला दावा: कोणीही मतदार उभा राहू शकतो. नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ प्रमाणे समितीतले किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आई-वडील किंवा पालक असावे लागतात, आणि नियमांनुसार अध्यक्ष व उपाध्यक्ष त्या पालक सदस्यांतूनच निवडायचे असतात. मुलाचं नाव शाळेच्या पटावर नसेल, तर गावात कितीही वजन असलं तरी अध्यक्ष होता येत नाही. ज्याची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्याचा फ्लेक्स चौकात लागला तर पहिला प्रश्न हाच विचारावा. उलट ज्यांना वगळलं जातं, त्यांना मात्र पूर्ण हक्क आहे. मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती कायद्याने पालक ठरते. ऊसतोडीला आई-बाप गेले आणि नातवंडं आजीकडे राहिली, तर ती आजी पालकसभेत बसू शकते, हात वर करू शकते, सदस्यही होऊ शकते. बीड, अहिल्यानगर भागात हा मुद्दा फार मोठा आहे, कारण दिवाळीनंतर सभा घेतली तर निम्मे आई-बाप फडावर असतात.

दुसरा दावा: गाव अध्यक्ष निवडतं. इथे प्रक्रिया नीट समजून घ्यावी. आधी पालकसभा पालक सदस्य निवडते, मग निवडलेली समिती अध्यक्ष ठरवते. राज्य निवडणूक आयोगाचा यात संबंध नाही. अनामत नाही, चिन्ह नाही. समिती १६ जणांची धरली तर १२ पालक. उरलेल्या चारांत स्थानिक प्राधिकरणाचा (म्हणजे ग्रामपंचायतीसारख्या संस्थेचा) निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली स्थानिक व्यक्ती, असे लोक येतात. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य-सचिव. एकूण सदस्यांत निम्म्या महिला, म्हणजे सोळांत आठ. शिवाय वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या पटावरच्या प्रमाणात जागा. पटावर निम्मी मुलं या घटकांतली असतील आणि बारांपैकी दोनच पालक तिथले असतील, तर ती निवड कायद्याला धरून नाही.

चुका होतात त्या सभेतच. बाजाराच्या दिवशी भर दुपारी सभा ठेवली जाते, सूचना फक्त फळ्यावर लिहिली जाते, हजेरीच्या वहीवर कोऱ्या ओळींखाली सह्या घेतल्या जातात आणि नावं नंतर भरली जातात. यावर उपाय सोपा आहे. लेखी सूचना प्रत्येक मुलाच्या हाती घरी पाठवावी, इयत्तावार पालकांना एकत्र बसवून प्रत्येक इयत्तेतून सदस्य निवडावा, इतिवृत्त सभा संपायच्या आत वाचून दाखवावं आणि मगच सह्या घ्याव्यात. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा बैठकीला येऊन सही करत असेल तर ती सही धरूच नये.

शिक्षक बदलून आणण्याचं आश्वासन पूर्ण पोकळ आहे. नेमणुका आणि बदल्या जिल्हा परिषद पातळीवर होतात, समितीला तो अधिकार नाही. समितीच्या हाती आहे ती देखरेख. शिक्षक वेळेवर येतात का, जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून त्यांना दुसऱ्या अशैक्षणिक कामाला जुंपलं जातंय का, हे पाहायचं. रिक्त पद असेल तर ते ठरावात आणि आराखड्यात लिहून केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आणि पोच घ्यायची. तोंडी तक्रारीला पोच नसते, म्हणून तिचा पाठपुरावाही होत नाही.

आता पैसा. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक, दोघांच्या मंजुरीने खर्च होतो, एकट्या अध्यक्षाच्या नव्हे. आणि रक्कम किती? समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,००० वर्षाला. ८४ पटाच्या शाळेला २५,००० मिळाले, तर त्यातले किमान दहा टक्के, म्हणजे २,५०० स्वच्छतेवर जायला हवेत. उरलेल्यात खडू, वीजबिल, गळकं छत, नळदुरुस्ती. एवढ्यासाठी गावजेवणं घालून निवडणूक लढवणाऱ्याला हा खर्च कुठून भरून काढायचा आहे, ते पालकांनी त्याला तोंडावर विचारावं. रोकडवही आणि पावत्या दर महिन्याच्या बैठकीत टेबलावर असाव्यात.

पाच वर्षं? समितीची मुदत दोन वर्षांची. त्यातही मूल शाळा सोडून गेलं की पालकपण संपतं. चौथीपर्यंतच्या शाळेत चौथीतल्या मुलाचा बाप अध्यक्ष केला, तर वर्षभरात जागा रिकामी होते. म्हणून पहिली ते तिसरीच्या पालकांतून निवडणं शहाणपणाचं. (हे सगळं सरकारी शाळांचं. खासगी अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समिती सल्लागार आहे, विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागूच नाही.)

ज्याला मनापासून उभं राहायचं आहे, त्याने प्रचाराला निघण्याआधी शाळेतून तीन कागद मागावेत: मागच्या बारा बैठकांची इतिवृत्तं, चालू वर्षाची रोकडवही आणि शाळा विकास आराखडा. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षवार उपआराखडे असतात. तो आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. पुढच्या वर्षाची इयत्तावार पटसंख्या, लागणारे शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं आणि त्यांचा खर्च त्यात मांडलेला असतो. बऱ्याच शाळांत मागच्या वर्षीचे आकडे बदलून तोच कागद पुढे ढकलला जातो. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल आणि आराखड्यात त्याचा उल्लेख नसेल, तर पालकांच्या दारात जाऊन बोलायला उमेदवाराकडे तोच मुद्दा पुरेसा आहे.