किंक्रांतीचं जातं

किंक्रांतीला नवं काही करू नये, असं आई सांगत आली आहे. पण तोक्योतल्या सेतागायाचा बोरोइची बाजार नेमका 15 आणि 16 जानेवारीला भरतो (डिसेंबरातही याच तारखांना), आणि तोही 1578 पासून. त्याला आमची किंक्रांत कोण सांगणार? शिवाय मी नवं घेतच नव्हतो. जुनंच घेत होतो.

'बोरो' म्हणजे चिंध्या. आता मात्र तिथे किमोनोपासून किटल्यांपर्यंत सगळं मिळतं. मागच्या खेपेला मी एकाच डोळ्याचा दारुमा, म्हणजे नवसाचा बाहुला, आणला होता. नवस बोलताना एक डोळा रंगवायचा, फळला की दुसरा. म्हणजे कुणाचा तरी न फळलेला नवस मी पैसे मोजून घरी आणला. त्याआधीची आइझूची खेळण्यातली लाल गाय, आकाबेको. घरात माझ्या बोलण्यावर मान डोलावणारी ती एकटीच.

यंदा दगडी जातं दिसलं. हुबेहूब आपलं! दोन तळ्या, वर भोक, कडेला खुंटा. घासाघीस केली तर विकणाऱ्या आजोबांनी पाचशे येन उतरवले आणि वर एक दातेरी खल फुकट दिला. ओझं आणखी वाढलं.

आधी दोन डब्यांची ट्राम, मग सांगेनजायाहून मेट्रो. इथल्या डब्यात माणसं श्वाससुद्धा हळू घेतात, आणि प्रत्येक वळणावर माझ्या बॅगेतून 'घर्रर्र'. समोरच्या बाईंनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. कुदानशिताला गाडी बदलताना जिन्यात बॅगेचं चाक निखळलं. निशी-कासाईच्या घरापर्यंत मी जातं आणलं की जात्यानं मला, सांगता येत नाही.

बायकोनं दार उघडलं. मी लगेच सुरू केलं, "हे बघ, यानागी सोएत्सु आणि त्याच्या मित्रांनी 1925 साली 'मिंगेई' हा शब्द काढला. अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंचं सौंदर्य! कोमाबाला त्यांचं अख्खं संग्रहालय आहे."

"आणि साताऱ्याचं आजींचं जातं?"

ते मीच भंगारवाल्याला देऊ केलं होतं. त्यानंही नेलं नाही. शेवटी शेजाऱ्यांनी नेलं, तुळशीपाशी पायरी म्हणून.

"उद्या टाकून ये," ती म्हणाली. चौकशी केली. मोठा कचरा पैसे भरून घेतलेलं स्टिकर चिकटवलं की नेतात, पण दगड नेत नाहीत. जातं राहिलं. जेवणाच्या टेबलाखाली, माझ्या पायांच्या जागी.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. कौतुक करेल असं वाटलं होतं. ती चष्मा पुसून स्क्रीनजवळ आली.

"वरची तळी उचल बघू."

उचलली. कंबरेत कळ आली.

"अरे, पार गुळगुळीत झालंय! टाकी लावल्याशिवाय दाणासुद्धा फुटायचा नाही. फसवलं तुला."

गेला आठवडाभर मी तोक्योत टाकी लावणारा शोधतोय.