एकच वायर, म्हणे

डॉकिंग स्टेशनवर कुणी फेसबुक पोस्ट लिहितं काय? मी लिहितोय. साडेतीन हजार गेलेत माझे.

पुण्याच्या कंपनीचं काम मी बेळगावात टिळकवाडीतल्या घरातून करतो. मॉनिटर, कीबोर्ड, नेटची केबल, चार्जर... रोज चार वायरी काढा, चार घाला. डॉकिंग स्टेशन, म्हणजे डॉक, हा एक डबा: सगळ्या वायरी त्यात कायमच्या खोचून ठेवायच्या, आणि त्याची एक वायर लॅपटॉपला लावली की सगळं चालू होतं. असं ऐकून तो घ्यायला खडेबाजारातल्या एका दुकानात गेलो. "टाईप-सी हाय न्हवं तुमच्यात? मग चालतंय की वो सर!" घरी लावून बघितलं. माउस चालला, पेनड्राइव्ह चालला, मॉनिटर काळाच. परत गेलो तर म्हणतो, "तुमच्या लॅपटॉपचाच प्रॉब्लेम असंल." आणि खरा राग याचा, की ते बरोबर निघालं.

टाईप-सी हे नुसतं खाचेच्या आकाराचं नाव. आत पिना २४, पण त्यातून चित्र बाहेर पाठवायचं का, चार्जिंग आत घ्यायचं का, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. माझ्या लॅपटॉपच्या खाचेतून फक्त डेटा जातो. खाचेशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह असेल तर चित्र जातं. चिन्हच नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वाचायचं. हे मी नंतर केलं, अर्थात.

टाईप-सीचे नियम ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमच्या गावाचं सरकारी नाव बदललं. आमच्याकडे गाव एक आणि नावं बेळगाव, बेळगावी, बेलगाम. टाईप-सीचं उलटं: नाव एक, आत कुठलं गाव लागेल सांगता येत नाही.

जुनं बरं होतं असंही नाही. १९९२ मध्ये ॲपलचा पॉवरबुक ड्युओ त्याच्या डॉकमध्ये व्हीसीआरमध्ये कॅसेट जावी तसा आत ओढला जायचा. पुढं ऑफिसातले लॅपटॉप डॉकवर ठेवून दाबले की खट्ट बसायचे, आणि बसले की चालायचेच. पण तो डॉक ठरावीक मॉडेलांचाच. लॅपटॉप बदलला की डॉक भंगारात. म्हणून एका खाचेला माझा विरोध नाही. विरोध आहे खोक्यावरच्या मोघमपणाला. पुढं मोठ्या अक्षरात '४के', आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरात '३० हर्ट्झ', म्हणजे सेकंदाला चित्र तीसदाच बदलणार. त्या ३० हर्ट्झवर माउस हलवून बघा, बाण ओल्या चिखलातून चालल्यासारखा येतो.

शेवटी निपाणीच्या मित्रानं डिस्प्लेलिंकचा डॉक सुचवला. तो चित्राचा डेटा करून साध्या यूएसबीतून पाठवतो. त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकावं लागतं, प्रोसेसरवर भार येतो, व्हिडिओ कधी अडखळतो. एक्सेल आणि मेलला मात्र झकास. पहिल्याच आठवड्यात लाइट गेली तेव्हा कळलं की लॅपटॉपला बॅटरी आहे, डॉकला नाही. मीटिंगमध्ये मॉनिटर आणि नेट एकदमच गेले. आता डॉक, मॉनिटर आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत.

आणि साडेतीन हजारांचा तो पहिला? तो बाबांच्या फोनला लावलाय, पेनड्राइव्हवरची भजनं ऐकायला.

"चालतंय की हे," बाबा म्हणतात.