यंदा दिवाळी नीट साजरी करा

दिवाळी सहा दिवसांची, वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत, असं आजी सांगायची. आजीला नोकरी नव्हती. नोकरदारांच्या दिवाळीला सातवा दिवस असतो. तो वसुबारसेच्याही आधी, शक्यतो शुक्रवारी येतो आणि त्याला 'ट्रॅडिशनल डे' म्हणतात. खरी दिवाळी तीच समजा. उरलेले सहा दिवस घरच्यांसोबत कसेही उरकता येतात.

त्या दिवशी कुर्ता घाला. गेल्या वर्षीचाच चालेल, फक्त गेल्या वर्षीच्या फोटोत शेजारी उभ्या असलेल्या माणसाशेजारी उभं राहू नका. जागेवर बॅटरीच्या पणत्या लावा, खऱ्या लावल्या तर फायर अलार्म आरती म्हणतो. रांगोळी स्पर्धेत मधोमध कंपनीचा लोगो काढा. लक्ष्मीची पावलं काढणाऱ्यांना दुसरा नंबर मिळतो. चार तास उकिडवं बसून रांगोळी काढल्यावर कंबर धरते, म्हणून घरच्या उंबऱ्याशी स्टिकर चिकटवावा. बायको काही बोलली तर तिला ऑफिसच्या रांगोळीचा फोटो दाखवा.

फराळ न्यायचा असेल तर दुकानातला चिवडा स्टीलच्या डब्यात ओतून न्या आणि 'आईच्या हातचा' म्हणा. सगळेच तसं म्हणतात, कुणी खोलात जात नाही.

आता सुट्टीचं. २०२५ साली अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली. आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलं, उत्तरेत बहुतेकांनी दिवाळी २० तारखेलाच केली. ज्यांचं हेड ऑफिस तिकडे, त्यांना सुट्टी २० ची. अशा वेळी पंचांग घेऊन एचआरशी वाद घालू नका. पूजेच्या चौरंगावर वही, लेखणी आणि केरसुणीच्या शेजारी लॅपटॉप मांडा. घरच्यांना वाटतं पोटापाण्याच्या हत्याराची पूजा चालली आहे, आणि साहेबांना तुम्ही ऑनलाइन दिसता. हळदकुंकू झाकणाला वाहा, टचपॅडला नको. आणि आरती सुरू व्हायच्या आत म्यूट झालोय ना, हे दोनदा बघा. मागच्या खेपेला माझी घंटा पंधरा जणांनी ऐकली. एकानं शेवटी 'प्रसाद कुठाय?' असंही विचारलं.

नरकचतुर्दशीचा प्रश्न त्यामानानं सोपा. अमेरिकेतल्या क्लायंटचं काम पहाटे चारला संपतं आणि आई त्याच वेळी उटण्याची वाटी घेऊन दार वाजवते. तुम्ही झोपलेलेच नसता, त्यामुळे पहिल्या आंघोळीचा मान बसल्या जागी मिळतो. मग अंगणात, म्हणजे फ्लॅटच्या दाराबाहेर, कारेटं पायाच्या अंगठ्यानं फोडायचं. ते फोडताना डोळ्यांसमोर नरकासुर आणायचा असतो. तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं, ते ऑफिसच्या ग्रुपवर लिहू नका.

बोनसबद्दल मात्र जरा सविस्तर बोलू. बोनसच्या कायद्यानं किमान बोनस ८.३३ टक्के ठरवला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सोप्या हिशेबानं एक पगार. त्यात २०१५ च्या दुरुस्तीनं महिना २१,००० रुपयांची मर्यादा आली. त्याहून एक रुपयाही जास्त मिळत असेल, तर तुम्ही सुखवस्तू. तुमच्या वाट्याला बोनस नाही, डबा. सोनेरी कागद, आत सोनपापडी, वर एमडींच्या छापील सहीचं पत्र: 'यंदाचं वर्ष कंपनीला आव्हानात्मक गेलं, तरी तुम्ही आमच्या कुटुंबाचा भाग आहात.' हे पत्र टाकू नका. पाठ करा. लवकरच लागतं.

लागतं ते धनत्रयोदशीच्या सकाळी. भांडी घासता घासता मावशी म्हणतात, 'दादा, बोनसचं काय ते बघा यंदा.' इथं गडबडून जाऊ नका. तो कायदा वीस किंवा जास्त माणसं राबतात अशा ठिकाणांसाठी आहे, तुमच्या घरात त्या एकट्या राबतात. आवाजात जिव्हाळा आणा. 'मावशी, यंदाचं वर्ष आम्हालाही जडच गेलं हो.' मग खाडे काढा. जूनमध्ये चार दिवस. नातवाला ताप होता तेव्हा दोन. गावच्या जत्रेचे तीन. तुमच्या अप्रेझलला साहेब जसा कपाळाला बारीकशी आठी घालून कागद उलटतो, तसं कॅलेंडर उलटा. अर्धा पगार कबूल करा, तोही 'पाडव्यानंतर बघू' म्हणून. आणि शेवटी ते वाक्य, जे तुम्हाला पत्रात वाचताना इतकं लागलं होतं: 'तुम्ही काय परक्या आहात का, घरच्याच ना!'

मावशी काही बोलत नाहीत. ओट्यावर फडकं फिरवतात, आणि जाताना पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवतात. 'रात्री बसून केल्यात. मुलांना द्या.' झाकण उघडलं तर चकल्या. काटेरी, खुसखुशीत, मोडल्या तरी तेल न सोडणाऱ्या. तुमच्या दुकानी चिवड्याला त्यांच्या शेजारी ठेवू नका.

आता एकच अडचण उरते. रिकामा डबा परत करू नये, असं आपल्याकडे मानतात. घाबरू नका, सोनपापडी आहेच. फक्त एमडींचं पत्र तेवढं आठवणीनं काढून घ्या.