आजीचा वाडा चोवीस तास उघडा नसायचा

सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज परवा पाचव्यांदा आला: ‘आजोबांच्या वाड्यात चोवीस तास खिडक्या उघड्या, म्हणून घर गार. तुम्हीही तसंच करा. नाहीतर एसी लावा, ताजी हवा तोही आणतो. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट असला की झालं.’

लिहिणाऱ्यानं वाड्यातली मे महिन्यातली दुपार पाहिलेली दिसत नाही. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात आजी दहाच्या आत सगळ्या खिडक्या ओढून घ्यायची आणि ऊन उतरलं की सताड उघडायची. बाहेर ४२ अंश, आत ३३. अशा वेळी खिडकी उघडायची म्हणजे भट्टीला घरात बोलवायचं. जाड भिंती रात्रभर गार व्हायच्या, तो गारवा दुपारपर्यंत पुरायचा. आपल्या फ्लॅटच्या भिंतींत तेवढा साठा नाही, पण क्रम तोच.

जुलैत मात्र आजीचं हे वेळापत्रक चालत नाही. बडोद्याची पावसाळी हवा २७ अंशांची असली तरी एका किलो हवेत साधारण २० ग्रॅम वाफ असते. एसीच्या खोलीत २४ अंशांना १० ग्रॅमच्या आसपास. एसी चालू ठेवून खिडकी उघडलीत की मशीन हवा गार करायचं सोडून पाणीच काढत बसतं. एसी नसेल तर खुशाल उघडा, पंखाही लावा. घाम वाळायला वारा लागतोच.

एसी ताजी हवा आणतो, हे तर साफ चूक. स्प्लिटच्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. खोलीतलीच हवा तो पुन्हा पुन्हा गार करतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२०; बंद खोलीत दोघं झोपले की सकाळपर्यंत तो हजार-दीड हजारांपुढे सहज जातो. डोकं जड होतं ते उगाच नाही. म्हणून बाहेरची हवा घ्यायची, पण मोजून. ऑफिसांसाठी ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेचं मानक माणशी सेकंदाला २.५ लिटर आणि वर प्रत्येक चौरस मीटरला ०.३ लिटर धरतं. १० चौरस मीटरमध्ये एक माणूस, तर साडेपाच लिटर. घरी झोपताना खिडकी बोटभर उघडी ठेवा. बिल थोडं वाढेल, वाढू दे.

राहिला एक्झॉस्ट. हवा बाहेर फेकायची तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर तो संडासाच्या डक्टमधली हवाही ओढेल. फोडणी घालण्याआधी समोरची खिडकी किलकिली करा आणि फटीपाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जात नसेल तर पंखा नुसता आवाज करतोय.