रिकामा शंखसुद्धा उचलू नका

अंदमानहून आलेल्या बहुतेकांच्या शोकेसमध्ये मूठभर शंख-शिंपले असतातच. पूर्वी मीही आणलेत. आता कुणी कौतुकाने दाखवले की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

वंडूरच्या धक्क्यावरून आम्ही जॉली बॉयला गेलो होतो. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान हे १९८३ सालचं, १५ बेटांचं. जॉली बॉय आणि रेड स्किन ही त्यातली दोन बेटं आलटून पालटून पर्यटकांसाठी उघडतात, म्हणजे तोवर दुसऱ्या बेटाच्या प्रवाळाला उसंत मिळते. धक्क्यावर पिशव्या उघडून बघतात, प्लास्टिक पुढे जाऊ देत नाहीत. रांगेत कुरकुर चालली होती. मला तर ही तपासणी आणखी कडक झाली तरी हवीच आहे.

किनाऱ्यावर लेकीने एक सुरेख शंख उचलला. तळहातावर ठेवून आम्ही गप्प बसलो. जरा वेळाने आतून आधी दोन बारीक डोळे आले, मग पाय. शंखात राहणारा खेकडा! त्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख तो पांघरतो. अंग वाढलं की मोठा शंख शोधायचा. असा एखादा सापडला की कधी कधी खेकडे त्याच्याभोवती लहान-मोठ्याच्या क्रमाने चक्क रांग लावतात. पहिला नव्या घरात शिरला की त्याचं जुनं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला.

"रिकामा होता म्हणून घेतला," असं मला नेहमी ऐकवतात. अहो, रिकामा असतो म्हणूनच तर त्यांना हवा असतो! आपण एक खिशात टाकला की मागची अख्खी रांग अडते.

थोडं पुढे एक खेकडा बाटलीचं निळं झाकण पाठीवर घेऊन चालला होता. भरतीबरोबर कुठून तरी वाहत आलेलं. ते त्याला पुरत नव्हतं, मागचं अंग उघडंच होतं. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

प्रवाळाचंही तेच. मेलेला वाटला तरी तुकडा उचलायचा नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. समुद्र तापून २०१० साली अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं. त्या तापाशी झुंजणाऱ्या जिवावर आपण निदान पाय तरी ठेवू नये.

लेकीने शंख जिथून उचलला होता तिथेच ठेवला. परतीची हाक आली तरी ती तिथेच उकिडवी बसून होती, तो पुन्हा बाहेर येऊन चालायला लागेपर्यंत.