त्या उडणाऱ्याला आवरा कुणीतरी!

पुन्हा तेच! डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळासाठी तीन रात्री जागून आउलबेअरचं, म्हणजे घुबडतोंड्या अस्वलाचं, जंगल रचलं, आणि लढाईच्या पहिल्याच राउंडला एका खेळाडूचा आराकोक्रा, म्हणजे पक्षीमानव, भुर्रकन वर. मग बाण, बाण आणि बाण. खाली ते जनावर नुसतं गोल गोल फिरतंय. याला लढाई म्हणायचं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत हा पक्षीमानव पहिल्याच लेव्हलला ५० फूट उडतो. लाँगबोचा बाण १५० फुटांपर्यंत सरळ लागतो, ताणून ६०० पर्यंत. ओगर राक्षसाचा भाला? ३० फूट, फार तर १२०. ट्रोल राक्षसाकडे तेवढंही नाही. अहो, ६७६ हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढा मार सोसणारा टॅरास्क, सगळ्या राक्षसांचा बाप, त्याच्याकडेही लांबून मारायला काही म्हणजे काही नाही! २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळाच्या राक्षसांच्या पुस्तकात, कुठे त्याला १५० फुटांपर्यंत इजा करणारी डरकाळी मिळाली. बाकीच्यांचं काय?

दरवेळी डीएमनेच, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानेच, छत बुटकं करायचं, वादळ आणायचं, लांडग्यांच्या कळपात धनुर्धारी घुसडायचे? आणि ढाल-तलवारवाली आमची फायटर? काल ती तलवारीच्या टप्प्यात पोहोचेपर्यंत आउलबेअर मेलं होतं. दोन तास ती वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवत बसली होती. हल्ल्यासाठी एकदाही टाकला नाही तिने.