राजाला तेल लावताना

सत्ता गाजवायची हौस असेल तर निवडणुकीच्या फंदात पडू नका. दारोदार हात जोडायचे, गल्लीतल्या प्रत्येक मंडळाला वर्गणी द्यायची, आणि पाच वर्षांनी त्याच लोकांनी "काय केलंत?" म्हणून विचारायचं. त्यापेक्षा युरोपातल्या ख्रिस्ती राजांनी हजारेक वर्षं चालवलेला मार्ग बरा: सत्ता देवानेच दिली म्हणायचं. त्याला लागतं थोडंसं तेल. कुणाच्या पकडीत न येणाऱ्या पुढाऱ्याला आपण 'तेल लावलेला पैलवान' म्हणतो. तिकडे हे तेल धर्मगुरूच्या हातून, भर प्रार्थनेत लावून घ्यायची सोय आहे. एकदा लागलं की प्रजा गेली तेल लावत! हिशेब थेट वर द्यायचा, आणि वरून पावत्या मागायला कुणी येत नाही.

तेल मात्र किराणा दुकानातलं चालत नाही. ६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या चर्चमध्ये ब्रिटनच्या तिसऱ्या चार्ल्सला राज्याभिषेकात लावलेलं तेल जेरुसलेमच्या जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, डोंगरावरचं. त्यातली एक बाग तर राजाच्या आजीला जिथे पुरलंय त्या मठाची. वर तीळ, गुलाब, जाई, दालचिनी. पूर्वी देवमाशापासून मिळणारा अंबरही घालत, तो या वेळी गाळला. म्हणजे आता शुद्ध शाकाहारी. सगळा सोहळा जगाला टीव्हीवर दिसला. नेमकं तेल लावायच्या वेळी तीन बाजूंनी पडदे. हे लक्षात ठेवा. अधिकार जिथून येतो ती जागा दाखवायची नसते.

बायबल वाचाल ते निवडून वाचा. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय भिंतीवर लावा: सगळे अधिकार देवाने नेमलेले. पण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला आठवा अध्याय डिंकाने चिकटवून टाका. तिथे लोक "आम्हाला राजा हवा" म्हणून अडून बसतात, आणि म्हातारा संदेष्टा शमुवेल बजावतो: तो तुमची पोरं रथापुढे पळवील, पोरींना स्वयंपाकाला नि अत्तरं करायला नेईल, चांगली शेतं आणि जैतुनाच्या बागा काढून आपल्या चाकरांना वाटेल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, मग रडाल, पण देव ऐकणार नाही. पंचाईत अशी की पहिला राजा शौल याच्या डोक्यावर तेल ओतणाराही हाच शमुवेल. तुम्ही ओतण्याचंच तेवढं सांगा. बागांचा विषय काढू नका.

आता तेलाची कुपी कुणाच्या हातात ठेवायची? पोपच्या हातात ठेवली तर १०७७ मधल्या जर्मन राजा चौथ्या हेन्रीसारखं पोपच्या माफीसाठी इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस बर्फात उभं राहावं लागतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा तोडगा उत्तम. पोपविरुद्ध बंड पुकारणाऱ्या ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहिलं म्हणून १५२१ मध्ये पोपने त्याला 'धर्मरक्षक' पदवी दिली. १५३४ मध्ये त्याने पोपला रजा देऊन चर्चचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. पदवी? ती नंतर संसदेकडून मंजूर करून ठेवून घेतली. ब्रिटिश नाण्यांवर तिची आद्याक्षरं आजही आहेत. सासऱ्याशी कायमचं फाटावं आणि त्याने दिलेलं घड्याळ पिढ्यानुपिढ्या मिरवावं, तसं.

पैशाचं मात्र देवाकडून काही येत नाही, हे आधीच सांगतो. पहिल्या जेम्सने १६१० मध्ये संसदेला सुनावलं की राजांना देव म्हणतात ते उगीच नाही. तेव्हा त्याला त्याच संसदेकडून खर्चाला पैसे हवे होते. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स बापाचं बोलणं जास्तच मनावर घेऊन बसला. १६४९ मध्ये संसदेने भरलेल्या खटल्यात तो एकच विचारत राहिला: तुम्ही कोणत्या अधिकाराने मला इथे आणलंत? प्रश्न बिनतोड होता. ३० जानेवारीला थंडीने अंग कापलं तर लोक 'घाबरला' म्हणतील म्हणून त्याने दोन सदरे घातले आणि कुऱ्हाडीखाली मान ठेवली. तेवढं तेल मानेपर्यंत पोचलं नसावं.

पुढे तिकडच्यांनी देवाची कृपाही कायदा करून ठरवली. १७०१ च्या कायद्याने पोपला मानणारे पन्नासहून जास्त कॅथलिक नातेवाईक ओलांडून गादी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या घराण्याकडे नेली. देवाची निवड चुकत नाही. फक्त संसदेने तिला यादी द्यावी लागते.

राहता राहिला तेलाचा चमचा. बाराव्या शतकातला, चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला. पात्यात मधोमध कड, म्हणून दोन खळगे. आर्चबिशप त्यात दोन बोटं बुडवतो. १६४९ नंतर संसदेने राजेशाही मोडून मुकुट-दागिने वितळवले, विकले, पण हा चमचा राजवाड्याच्या सामानसुमानाचं खातं सांभाळणाऱ्या क्लेमेंट किनर्स्लीने १६ शिलिंगांना घेतला आणि राजेशाही परतल्यावर दुसऱ्या चार्ल्सला आणून दिला. २०२३ लाही तोच वापरला. तेव्हा अभिषेकाचा मुहूर्त काढण्याआधी घरातल्या कपाटांच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्याच्याशी नीट वागा, आणि त्याच्या खिशात १६ शिलिंग असतात का, तेही विचारून ठेवा.